रक्तक्षय : आधी निदान, मग औषध



घराघरांत नित्य ऐकू येणारे एक वाक्य आहे : "अंगात रक्त कमी आहे." सूनबाईंना जिना चढताना धाप लागते, शाळकरी मुलीचे अभ्यासात मन लागत नाही, आजोबांना दुपारी ग्लानी येते, आणि या सर्वांना हे एकच वाक्य लागू केले जाते. त्यापाठोपाठ औषधांच्या दुकानातून लोहाच्या टॉनिकची बाटली येते. बाटली संपेपर्यंत थोडी हुशारी वाटते, पुढे औषध थांबते आणि काही महिन्यांनी तेच वाक्य पुन्हा उच्चारले जाते.

ताप आला असता तो मलेरियाचा, विषमज्वराचा की अन्य कशाचा, हे डॉक्टर आधी शोधतात. रक्तक्षयाच्या बाबतीत मात्र हा शोध बहुधा राहून जातो. वास्तविक रक्तक्षय हेही तापासारखेच एक लक्षण आहे. त्यामागचे कारण प्रत्येक रुग्णात निराळे असू शकते, आणि एका कारणावरचे औषध दुसऱ्या कारणात निरुपयोगी, क्वचित अपायकारकही ठरते. हे कारण वैद्यकीय व्यवहारात कसे शोधले जाते, त्यावर उपचार काय आणि कुटुंबाने कोणती दक्षता घ्यावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

रक्तक्षय कशास म्हणावे?

रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुफ्फुसातील प्राणवायू शरीराच्या प्रत्येक भागापर्यंत वाहून नेणे हे त्याचे कार्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण प्रौढ पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा, प्रौढ स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा आणि गरोदर स्त्रियांत ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास त्यास रक्तक्षय म्हणतात. गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांसाठी ही मर्यादा १०.५ ग्रॅम मानली जाते.

२०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया, त्याच वयाचे २५ टक्के पुरुष आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. घरात धान्य आहे, दूध आहे, तूप आहे, म्हणून घर या आकड्यांच्या बाहेर आहे, असे कोणी समजू नये. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

निदानाच्या पायऱ्या

चांगला डॉक्टर सुई टोचण्यापूर्वी प्रश्न विचारतो. थकवा केव्हापासून आहे? मासिक स्राव किती दिवस आणि किती प्रमाणात होतो? शौचास काळे होते काय, मूळव्याधीतून रक्त जाते काय? सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या नित्य घेतल्या जातात काय? मधुमेहाच्या वा आम्लपित्ताच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? हातापायांना मुंग्या येतात काय? आहारात काय असते आणि उपवास किती होतात? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाली, तर निम्मे निदान तेथेच होते. संकोचापोटी घरातील स्त्रिया मासिक स्रावाविषयी आणि वडीलधारी मंडळी शौचाविषयी बोलण्याचे टाळतात. परंतु नेमकी तीच माहिती मोलाची असते.

त्यानंतर तपासणी. खालच्या पापणीची आतली बाजू, जीभ, तळहात आणि नखे पाहिली जातात. लोहाच्या दीर्घकालीन कमतरतेत नखे ठिसूळ, सपाट, कधी चमच्याप्रमाणे खोलगट होतात. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी जीभ गुळगुळीत व लाल दिसते आणि बोटांच्या सांध्यांवरील त्वचा काळवंडते.

तिसरी पायरी रक्ताच्या चाचणीची. पूर्वी साहली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणात रक्ताचा थेंब आम्लात मिसळून त्याचा तपकिरी रंग डोळ्यांनी जुळवीत. १९५३ मध्ये वॉलेस कोल्टर यांना पेशी मोजणाऱ्या यंत्राचे अमेरिकेत पेटंट मिळाले आणि पुढे हे काम यंत्राकडे गेले. आज 'सीबीसी' या नावाने जो अहवाल हाती येतो, त्यात हिमोग्लोबिनखेरीज आणखी एक महत्त्वाचा आकडा असतो. तो म्हणजे 'एमसीव्ही', अर्थात तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. ते साधारणतः ८० ते १०० या दरम्यान असते. पेशी ८० पेक्षा लहान असतील, तर लोहाची कमतरता किंवा थॅलसेमिया यांचा विचार प्रथम होतो. १०० पेक्षा मोठ्या असतील, तर ब-१२ किंवा फॉलिक आम्ल यांच्या अभावाचा. आकारमान सामान्य असूनही हिमोग्लोबिन कमी असेल, तर मूत्रपिंडाचा विकार, जुनाट आजार किंवा नुकताच झालेला रक्तस्राव यांकडे लक्ष द्यावे लागते. लोह आणि ब-१२ दोन्ही कमी असल्यास लहान व मोठ्या पेशींची सरासरी सामान्यच येते आणि अहवाल फसवा ठरतो. म्हणून एका आकड्यावर विसंबून न राहता रक्ताचा पातळ थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जुनी पद्धत अद्यापही उपयोगी आहे.

लोहाचा जमाखर्च

रक्तक्षयाचे सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे लोहाची कमतरता. व्यापारी मंडळींना हा विषय जमाखर्चाच्या भाषेत सहज उमगेल. प्रौढ शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि त्याचा मोठा हिस्सा हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेला असतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती नष्ट झाली की तिच्यातील लोह शरीर पुन्हा वापरते. त्यामुळे दररोज आहारातून केवळ १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषले गेले तरी व्यवहार चालतो. मात्र दर मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह बाहेर जाते. एका गरोदरपणासाठी जवळजवळ १ ग्रॅम जादा लोह लागते. खर्च असा वाढला आणि जमा तेवढीच राहिली, तर आधी साठा संपतो.

हिमोग्लोबिन ही गल्ल्यातील रोकड समजली, तर 'फेरिटिन' या चाचणीतून गोदामातील शिल्लक कळते. गोदाम रिकामे झाल्यानंतरही काही काळ गल्ला भरलेला दिसतो. म्हणून हिमोग्लोबिन ठीक असूनही थकवा व केस गळण्याची तक्रार असल्यास डॉक्टर फेरिटिन पाहतात. शरीरात कोठे दाह वा संसर्ग असला की फेरिटिनचा आकडा फुगतो, हेही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

लोह का कमी झाले, हा प्रश्न येथेच विचारावयास हवा. तरुण स्त्रियांत अधिक मासिक स्राव आणि लागोपाठची बाळंतपणे ही प्रमुख कारणे. मुलांत अपुरा आहार व आतड्यातील जंत. अंकुशकृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतात. म्हणून शासनाच्या वतीने बालकांना जंतनाशक गोळ्या दिल्या जातात. परंतु पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह कमी आढळले, तर ते बहुधा कोठेतरी गळत असते. वेदनाशामक गोळ्यांनी झालेला जठरव्रण, मूळव्याध, आणि काही रुग्णांत मोठ्या आतड्याचा किंवा जठराचा कर्करोग, यांचे पहिले चिन्ह निव्वळ रक्तक्षय हेच असू शकते. समजा, साठीच्या एका गृहस्थांचे हिमोग्लोबिन ९ आहे. त्यांना टॉनिक दिले, ते ११ झाले, घरात समाधान पसरले. पण गळती तशीच राहिली. दुर्बिणीने जठर व आतडे पाहण्याची तपासणी त्याच वेळी झाली असती, तर आरंभीच्या अवस्थेतील गाठ शस्त्रक्रियेने काढता आली असती. वर्षभराच्या टॉनिकने ती संधी हिरावून घेतली जाते. उतारवयातील रक्तक्षयास वयाचा परिणाम मानून सोडून देऊ नये, ते याचसाठी.

लोहाची औषधयोजना आयुर्वेदालाही अपरिचित नव्हती. चरकसंहितेतील पांडुरोगाच्या चिकित्सेत लोहाचे कल्प आहेत. आज साध्या, स्वस्त गोळ्या उत्तम काम करतात. त्या रिकाम्या पोटी किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर घेतल्यास ते वाया जाते. पोटात मळमळ होत असेल तर गोळी सोडून न देता डॉक्टरांना सांगावे. एक दिवसाआड गोळी दिली तरी शोषण चांगले होते, असे अलीकडील अभ्यासांतून दिसून आले आहे. शौचास काळसर होणे हा गोळीचाच परिणाम असतो. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारणतः १ ते २ ग्रॅमने वाढावयास हवे. वाढले नाही, तर निदान चुकले, गोळी पोटात जात नाही, शोषली जात नाही, की रक्तस्राव चालूच आहे, याचा विचार करावा लागतो. आणि हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यानंतरही गोदाम भरण्यासाठी सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. बहुतेक घरांत औषध थांबते ते नेमके या टप्प्यावर, गल्ला भरलेला पाहून.

मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रिया आणि एक शोध

आता मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाकडे वळू. त्याचा इतिहास मुंबईशी आणि कापडधंद्याशी जोडलेला आहे, हे फारसे ठाऊक नसते. १९२८ मध्ये लुसी विल्स या ब्रिटिश संशोधिका मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांत एक गंभीर रक्तक्षय आढळत असे आणि त्यात कित्येक जणी दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत राहून विल्स यांनी या स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास केला. यीस्टपासून बनवलेला 'मार्माइट' नावाचा स्वस्त अर्क देताच रुग्ण सुधारू लागले. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटकाला काही काळ 'विल्स घटक' असेच म्हणत. पुढे तो फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेने १९४५ च्या सुमारास ते कृत्रिमरीत्या तयार केले. आज गरोदर स्त्रीला शासकीय रुग्णालयात मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर जे फॉलिक आम्ल असते, त्याची कथा अशी आहे.

याच्याशी सदृश परंतु भिन्न असा दुसरा एक रोग पाश्चात्त्य देशांत 'घातक रक्तक्षय' म्हणून ओळखला जाई. १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी त्या रुग्णांना प्राण्यांचे यकृत आहारात देऊन वाचवून दाखविले आणि १९३४ मध्ये व्हिपल यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतातील तो गुणकारी घटक १९४८ मध्ये अमेरिकेत व इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे वेगळा करण्यात आला. तेच ब-१२ जीवनसत्त्व. आज ते यकृतापासून काढले जात नाही. सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने आंबवण्याच्या प्रक्रियेने कारखान्यात तयार होते.

या दोन शोधांच्या मधल्या काळात वैद्यकाला एक कटू धडा मिळाला. फॉलिक आम्ल नव्याने उपलब्ध झाल्यावर ते घातक रक्तक्षयाच्या रुग्णांनाही देण्यात आले. रक्त सुधारले, अहवाल चांगले आले. पण काही रुग्णांच्या पायांतील बधिरता वाढत गेली, चालणे कठीण झाले. रक्ताच्या पेशींना फॉलिक आम्लाने तात्पुरता आधार दिला, मज्जातंतूंना मात्र ब-१२ शिवाय पर्याय नव्हता. कारण न शोधता दिलेले औषध रोग झाकून ठेवते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

शाकाहार आणि ब-१२

हा धडा शाकाहारी कुटुंबांना विशेष लागू पडतो. ब-१२ केवळ सूक्ष्मजीव तयार करतात. धान्य, डाळी, भाज्या, फळे यांत ते विश्वसनीय प्रमाणात नसते. शाकाहारी आहारात त्याचा स्रोत म्हणजे दूध, दही, ताक व पनीर. रोजची गरज अवघी सुमारे २ मायक्रोग्रॅमची; पण चहापुरतेच दूध घेणाऱ्या व्यक्तीची तीही भागत नाही. शिवाय शोषणासाठी जठरातील एका विशिष्ट प्रथिनाची व लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची आवश्यकता असते. वाढते वय, आम्लपित्तावरील गोळ्यांचा दीर्घकाळ वापर आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन यांमुळे हे शोषण घटते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो. म्हणून कमतरता चोरपावलांनी येते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ ची पातळी कमी आढळली. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातून २००८ मध्ये आणखी एक विचारप्रवृत्त करणारी गोष्ट पुढे आली. ज्या मातांमध्ये गरोदरपणी ब-१२ कमी आणि फॉलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. मातेचे पोषण हे पुढच्या पिढीचे भांडवल असते, हे यावरून ध्यानी यावे.

पायांना मुंग्या, तळव्यांखाली कापूस असल्याचा भास, अंधारात तोल जाणे, विसराळूपणा, चिडचिड ही ब-१२ च्या अभावाची लक्षणे होत. हिमोग्लोबिन सामान्य असतानाही ती उद्भवू शकतात. आजोबांचा विसराळूपणा वयाच्या खात्यावर टाकण्यापूर्वी ही साधी चाचणी अवश्य करावी. उपचार सोपा आहे : तीव्र अभावात किंवा मज्जातंतूंची लक्षणे असल्यास इंजेक्शने, अन्यथा गोळ्या, आणि कारण कायमचे असल्यास औषधही कायमचे. मज्जातंतूंची हानी फार काळ दुर्लक्षिली गेली, तर ती पूर्णपणे भरून येत नाही. मूळ जीवनसत्त्व सूक्ष्मजीवजन्य असले, तरी कॅप्सूलचे आवरण अनेकदा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. ज्यांना ते वर्ज्य आहे, त्यांनी औषध टाळण्याऐवजी डॉक्टरांकडून गोळीच्या स्वरूपातील पर्याय लिहून घ्यावा; तो सहज मिळतो.

लोहासाठीही शाकाहारात पुरेशी साधने आहेत. डाळी, कडधान्ये, अळीव, पालेभाज्या, आणि त्यांच्या जोडीला लिंबू किंवा आवळा. लोखंडी कढईत शिजवलेली आमटी हा आजीबाईंचा परिपाठ शास्त्रालाही मान्य आहे. चातुर्मासात ज्या घरी पालेभाजी वर्ज्य असते, तेथे डाळी व कडधान्यांचे प्रमाण वाढवावे. ज्यांचे हिमोग्लोबिन फार कमी आहे, त्यांनी दीर्घ तपश्चर्येचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट.

विवाहापूर्वीची एक चाचणी

लहान पेशी दिसल्या की लोहच द्यावे, असेही नाही. थॅलसेमिया मायनर असलेल्या व्यक्ती निरोगी असतात. त्यांच्या पेशी जन्मतःच लहान असतात. त्यांना वर्षानुवर्षे लोह देऊनही आकडा फारसा हलत नाही आणि लोह कमी नसताना ते देणे अनावश्यक असते. 'एचबी ए-२' या चाचणीत प्रमाण ३.५ टक्क्यांहून अधिक आल्यास निदान होते. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा अशा काही समाजांत याचे प्रमाण अधिक असले, तरी अन्य कोणताही समाज त्यापासून मुक्त नाही.

या चाचणीचे खरे महत्त्व विवाहप्रसंगी आहे. पती-पत्नी दोघेही थॅलसेमिया मायनर असतील, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्यास थॅलसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. अशा बालकाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. दोघांपैकी एकच जण मायनर असेल, तर मेजर अपत्याचे भय नसते. हे ठाऊक असले, तर स्थळ पाहताना कोणाही मुलीला वा मुलाला दोष लावण्याचे कारण उरत नाही. पत्रिकेबरोबर ही एक चाचणी जुळविणे प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे, आणि विवाह आधीच झालेला असल्यास गरोदरपणाच्या आरंभी ती करता येते.

कुटुंबासाठी काही सूचना

घरातील प्रत्येकाचे रक्ताचे अहवाल तारखेनुसार एका फाईलमध्ये ठेवावेत. जुन्या-नव्या आकड्यांच्या तुलनेतून डॉक्टरांना पुष्कळ काही कळते. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी सोबत न्यावी, त्यात वेदनाशामक व काढेही सांगावेत. उपचारानंतर महिन्याने फेरतपासणी चुकवू नये. डांबरासारखे काळे शौच, बसल्या जागी धाप, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरी सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाऊन उठणाऱ्या गृहिणीची तपासणी सर्वांत शेवटी होते; ती सर्वांत आधी व्हावी.

आणि डॉक्टरांकडे गेल्यावर "रक्त वाढविण्याचे काही औषध द्या" असे न म्हणता "रक्त कशामुळे कमी झाले, ते पाहा" अशी विनंती करावी. डॉक्टर पुढील चाचण्या सुचवतील, त्यांस थोडा खर्च व थोडा वेळ लागेल. दुकानातील माल घटला, तर व्यापारी नवा माल भरण्यापूर्वी तो कोठे गेला हे पाहतो. घरच्या माणसाच्या रक्ताबाबतही तेवढीच चौकशी व्हावी, एवढी नम्र अपेक्षा.